जुन्या गिटारचा भाव नावावर नको, नेकवर ठरवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांची निघायची वेळ झाली की त्यांच्या खोल्यांतल्या इलेक्ट्रिक गिटार विक्रीला येतात. ऑनलाइन जाहिरातींची भाषा पाठ व्हावी इतकी ठरलेली: ‘जेमतेम दोनदा वाजवली’, ‘एकही ओरखडा नाही’, ‘कव्हरमध्येच होती’, ‘भाव पाडून मागणाऱ्यांनी फोन करू नये’. सोबत पलंगावर आडव्या ठेवलेल्या गिटारचा एक फोटो, तोही समोरून. भाव ज्यावर ठरायला हवा त्यातले काहीच त्यात नसते. घेणारे पालक नाव वाचतात, रंग बघतात, हजार-दोन हजार कमी करून घेतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. आठवड्याने क्लासमधले सर सांगतात, ‘ही आधी दुरुस्तीला न्या.’ या व्यवहारात काय बघायचे आणि हिशेब कसा मांडायचा, ते थोडे सविस्तर लिहितो.

आधी ‘दोनदाच वाजवली’ याचा समाचार घेऊ. हा गुण नव्हे, उलट चौकशी वाढवण्याचे कारण आहे. ०९-४२ मापाच्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सहा तारा नेहमीच्या सुरात लावल्या की नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब मानेवर, साधारण ३८ किलोचा ताण येतो, आणि गिटार वाजवा की कपाटात ठेवा, तो चोवीस तास असतोच. मुंबई, कोकण, गोव्यात दोन पावसाळे कव्हरमध्ये बंद राहिलेल्या गिटारचे लाकूड ओल पिते, नेक हलतो, आणि ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या धातूच्या सळईला, कुणी हात लावलेला नसल्याने तो तसाच राहतो. सॅडलची (बॉडीवर तार जिथे टेकते त्या तुकड्याची) उंची कमी-जास्त करणारे बारीक ॲलन स्क्रू गंजून बसतात. ते फिरवायला गेले की आतला षटकोन घासून गुळगुळीत होतो, मग स्क्रू काढायलाच अर्धा दिवस जातो. नागपूरकडे उलटा प्रकार. मे महिन्याच्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटे दाबायची लाकडी पट्टी) आक्रसतो, त्यात आडवी बसवलेली धातूची फ्रेट आक्रसत नाही, आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोके करवतीसारखी लागतात. हे मात्र किरकोळ काम आहे, टोके घासून भागते. रोज वाजवलेली, दर दोन-तीन महिन्यांनी तारा बदललेली, पुसून ठेवलेली गिटार पुष्कळदा कपाटातल्या गिटारपेक्षा चांगल्या अवस्थेत असते. तिच्यावर ओरखडे असतील, पण ओरखड्यांचा सुराशी काही संबंध नाही.

गिटार बघायला जाताना बरोबर सहा वस्तू असाव्यात: सहा इंची स्टीलची पट्टी, कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), स्वतःची वायर, मल्टिमीटर, ॲलन कीचा जुडगा आणि नव्या तारांच्या १०-४६ संचातली सर्वांत बारीक तार. ही शेवटची वस्तू कशाला? ती तार ०.०१० इंच, म्हणजे जवळजवळ पाव मिलिमीटर जाडीची असते, आणि नेकची तपासणी तिच्यावरच होते. गॅरेजमध्ये टॅपेट लावायला मेकॅनिक जी पात्यांची फिलर गेज वापरतो ती मिळाली तर फारच छान.

रीत अशी. गिटार सुरात लावायची. पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर जाड ‘ई’ तार दुसऱ्या हाताने दाबायची. आता ती ताणलेली तार म्हणजेच तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटचा माथा यांच्यामध्ये थोडी फट दिसायला हवी. फ्रेटबोर्ड आडवा किंचित गोलसर असतो; साडेनऊ ते बारा इंच त्रिज्येच्या फ्रेटबोर्डाला फेंडर कंपनी स्वतः ०.०१० इंच फट सांगते. बरोबर नेलेला तारेचा तुकडा त्या फटीत हलकेच घासत सरकला तर नेक ठीक. तीन तुकडे एकावर एक सहज मावले तर नेक पुढे वाकलाय, ट्रस रॉड आवळावा लागेल. फटच नसेल तर तो मागे वाकलाय, रॉड सैल करावा लागेल. दोन्ही गोष्टी पाच मिनिटांच्या आहेत आणि यात घाबरण्यासारखे काही नाही. फक्त रॉड फिरतो का ते विकणाऱ्यासमोरच बघायचे, एका वेळी पाव फेरा, जोर न लावता, आणि शक्यतो विकणाऱ्याच्याच हाताने. रॉडचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असून फट तशीच असेल, किंवा किल्ली नुसतीच गोल फिरत असेल, तर नमस्कार करून निघावे. बोल्टने लावलेला नेक बदलता तरी येतो. गिब्सन कंपनीच्या लेस पॉलसारखा सरसाने चिकटवलेला नेक असेल तर दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीशी स्पर्धा करतो.

फट बरोबर असूनही नेक पिळलेला असू शकतो. हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, बंदुकीचा नेम धरल्यासारखे एक डोळा मिटून बघा: पहिली फ्रेट आणि पंधरावी फ्रेट एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. आणखी एक दुखणे बॉडीपाशी असते. चौदाव्या फ्रेटच्या पुढे फ्रेटबोर्ड किंचित वर उचललेला असतो. डोळ्याला ते चटकन दिसत नाही, कानाला कळते. बाराव्या ते सतराव्या फ्रेटवर वरच्या दोन बारीक तारा एकेका फ्रेटवर पूर्ण स्वराने ताणून बघा. ताणता ताणता आवाज मेला की तार पुढच्या फ्रेटला टेकतेय. मात्र जुन्या पद्धतीच्या सव्वासात इंच त्रिज्येच्या फ्रेटबोर्डावर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, फार कमी असेल तर नेक उत्तम असूनही असे होते. तिथे आधी ॲक्शन वाढवून पाहावी आणि मगच दोष द्यावा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली दोन मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीड, एवढी ॲक्शन शिकणाऱ्याला पुरेशी आहे.

आता फ्रेट, म्हणजे या पत्रातला खरा खर्चाचा भाग. फ्रेट म्हणजे गाडीचे टायर. नवी मीडियम जंबो फ्रेट साधारण १.२ मिलिमीटर उंच असते. तारा घासून पहिल्या तीन-चार फ्रेटवर, विशेषतः बारीक तारांखाली, खड्डे पडतात. खड्डे उथळ असतील तर सगळ्या फ्रेट एका पातळीत घासून, माथा पुन्हा गोल करून, पॉलिश करून देतात. या लेव्हलिंगला उंची शिल्लक असावी लागते. ती मोजायला आपल्या खिशात एक प्रमाणित वस्तू आहे: एटीएम कार्ड. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर. तारा सैल करून कार्डाचा कोपरा फ्रेटला लागून फ्रेटबोर्डावर आडवा टेकवा आणि नख कार्डावरून फ्रेटकडे सरकवा. नखाला पायरी लागली तर फ्रेटमध्ये आयुष्य आहे. नख न अडकता पलीकडे गेले तर फ्रेट संपल्या, आणि पुढचा खर्च सगळ्या फ्रेट बदलण्याचा आहे. मेपल फ्रेटबोर्डावर वार्निश असते, ते सांभाळून जुन्या फ्रेट काढणे आणि कडा पुन्हा जुळवणे वेळखाऊ असते, म्हणून तिथे मजुरी जास्त पडते. स्टेनलेस स्टीलच्या फ्रेट असतील तर त्या फार हळू झिजतात. जाहिरातीत चार ओळी रंगावर खर्च करणाऱ्याने ही एक गोष्ट लिहिली तर दोनपाच हजार जास्त मागायचा त्याला हक्क आहे.

गिब्सन आणि एपिफोन घराण्याच्या गिटारला एक जादा तपासणी. या हेडस्टॉक मागे झुकलेल्या असतात, गिब्सनमध्ये साधारण १७ अंश. नेक महोगनीचा, लाकडाचे रेषे त्या वळणावर तिरपे तुटतात, आणि नेमके तिथेच ट्रस रॉडच्या नटसाठी खोबण कोरलेली. स्टँडवरून गिटार पाठीवर पडली की मोडते ती इथेच. हेडस्टॉकजवळ तारा ज्या पट्टीवर टेकतात तिलाही नट म्हणतात; त्या नटच्या मागच्या बाजूला मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरून केसाएवढी रेघ दिसते का ते पाहा. त्या भागातला रंग बाकी नेकपेक्षा जाड, किंवा चकाकी वेगळी वाटत असेल तर थेट विचारावे. नीट चिकटवलेला सांधा पक्का असतो, वाजवणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. पण बाजारात अशा गिटारचा भाव एक तृतीयांश ते निम्म्याने उतरतो. ज्याला विकायची नाही, आयुष्यभर वाजवायची आहे, त्याच्यासाठी उघडपणे ‘जोडलेली’ म्हणून विकलेली लेस पॉल हा या बाजारातला सर्वांत शहाणा सौदा आहे, असे माझे मत आहे. लपवून विकलेली मात्र शुद्ध फसवणूक.

वीजभागाची तपासणी बहुतेक लोक ‘ॲम्प नाही हो घरी’ म्हणून सोडून देतात. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारे यंत्र, लागतच नाही. वायरचे एक टोक गिटारमध्ये घाला, दुसऱ्या टोकाचा जॅक हातात घ्या. मल्टिमीटर २० किलो-ओहमवर ठेवून एक काडी जॅकच्या टोकाला, दुसरी मागच्या दांड्याला. व्हॉल्यूम पूर्ण उघडा. स्विचच्या प्रत्येक जागेवर आकडा वाचा. पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांच्या कंपनाचा विजेचा संदेश करणारा चुंबकी भाग. फेंडरच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारच्या सिंगल कॉइल, म्हणजे एका गुंडाळीच्या, पिकअपला साधारण साडेपाच ते सात, जुन्या पद्धतीच्या हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) साडेसात ते साडेआठ, जोरकस आवाजाच्या हंबकरला तेरा-सोळापर्यंत आकडा येतो. दोन पिकअप एकत्र चालू असतील त्या जागी आकडा साधारण निम्मा होतो, कारण ते समांतर जोडलेले असतात. एखाद्या जागी मीटरवर डावीकडे नुसताच ‘१’ आला तर मीटर दोन हजार किलो-ओहमच्या घरात नेऊन पाहा. २५० किंवा ५०० च्या आसपास आकडा आला तर तो फक्त व्हॉल्यूम पॉटचा (नॉबखालच्या फिरत्या भागाचा) आकडा आहे. म्हणजे पिकअपची गुंडाळी कुठेतरी तुटलीय, किंवा तिची तार सुटलीय, किंवा स्विच गेलाय. गुंडाळीची तांब्याची तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची, केसाहून बारीक. घाम आणि ओल यांनी ती आतून कुजते. सुटलेली तार डाग देऊन जोडता येते, तुटलेली गुंडाळी नव्याने भरावी लागते. मीटर लावलेला असतानाच वायर हलवा. आकडा नाचला तर जॅक सैल आहे, तो भाग स्वस्त असतो. नॉब फिरवताना ॲम्पमध्ये खरखर येते ती पॉटमधल्या धुळीची, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते.

नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप असतील तर मात्र हे मोजमाप निरर्थक आहे. तिथे बॅटरीचा कप्पा उघडून आत हिरवट साका आहे का तेवढे बघावे. अशा गिटारमध्ये वायर घालून ठेवली की बॅटरी संपत राहते, आणि महिनोन्महिने विसरलेली बॅटरी पाझरते.

ॲम्प असेलच तर गुणगुणीवरून गिटारला नावे ठेवू नयेत. सिंगल कॉइल पिकअप गुणगुणतोच, आणि पंख्याचा रेग्युलेटर जवळ असेल तर जास्तच. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंगची जोडणी ठीक. हात लावल्यावर वाढली तर आत तारा उलट्या जोडल्या आहेत. आणि तारांना हात लावून मुंग्या आल्या तर गिटार खाली ठेवून आधी घरातल्या तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासा. दोष बहुधा तिथला असतो.

फ्लॉइड रोज प्रकारचा, तारा कुलूपबंद करणारा ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग) असेल तर त्याचा दांडा पूर्ण खाली दाबून सोडा, सूर बघा. मग वर ओढून सोडा, पुन्हा बघा. दोन्ही वेळा सूर एकाच जागी यायला हवा. वेगळा आला तर ब्रिजची धार किंवा ती ज्यावर टेकते ते खांब झिजलेत. स्वस्त गिटारमध्ये ही धार मऊ धातूची असते, ती झिजणारच. शिकणाऱ्याने या ब्रिजच्या वाटेला जाऊच नये. तारांची जाडी किंवा सूर बदलला की मागच्या स्प्रिंगांचा तोल पुन्हा साधावा लागतो, आणि रियाजाचा अर्धा तास त्यात जातो.

आता नावाकडे. हेडस्टॉकवरचे अक्षर हा सर्वांत सहज खोटा करता येणारा भाग. फेंडरचे क्रमांक १९७६ पासून हेडस्टॉकवर आले, म्हणजे क्रमांक नेकबरोबर जातो, बॉडीबरोबर नाही. चार स्क्रू काढले की फेंडरच्या मेक्सिकोतल्या कारखान्याचा नेक कुठल्याही बॉडीला बसतो आणि ‘एमएक्स’ क्रमांक खराच राहतो. २०१० नंतरच्या मेक्सिकन गिटारवर ‘एमएक्स’पुढचे दोन आकडे साल सांगतात, अमेरिकन गिटारवर ‘यूएस’पुढचे दोन. बॉडी खरी की जोडलेली, याला पट्टी लावा: स्ट्रॅटची बॉडी साधारण ४४-४५ मिलिमीटर जाड असते, फेंडरच्याच स्वस्त स्क्वायर नावाच्या जुन्या ॲफिनिटी मालिकेची त्याहून पातळ. गिटार कुठल्या सालची, हे लाकूडही सांगते. शिसवाच्या सगळ्या जातींचा व्यापार २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय परवान्याखाली आला. त्यात आपला पश्चिम घाटातला शिसवही आला, ज्याचे फ्रेटबोर्ड जगभरच्या गिटारवर आहेत. त्यानंतर मेक्सिकन फेंडरवर पाउ फेरो नावाचे फिकट, पट्ट्यापट्ट्यांचे लाकूड दिसू लागले. वाद्यांना त्या परवान्यातून २६ नोव्हेंबर २०१९ ला सूट मिळाली, तरी मेक्सिकन फेंडरच्या प्लेअर मालिकेवर शिसव परतला तो २०२४ च्या प्लेअर टू मालिकेत. तेव्हा ‘२०१९ ची प्लेअर, शिसवी फ्रेटबोर्ड’ असे कुणी सांगितले तर दोनपैकी एक गोष्ट चुकलेली आहे.

गिब्सनवर १९७७ ते २००५ पर्यंत आठ आकडी क्रमांक होता. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन म्हणजे वर्षातला दिवस. ‘९०८३२४५६’ म्हणजे १९९२ सालचा ८३ वा दिवस, २३ मार्च. १९९४ चे ‘९४’ने सुरू होणारे क्रमांक सोडले तर, तीन आकडे ३६६ च्या वर गेले की गिटारबद्दल संशय घ्यावा, एवढे गणित पाचवीतल्या मुलालाही जमते. ट्रस रॉडवरचे झाकण दोन स्क्रूंचे असते. तीन स्क्रूंचे झाकण आणि वर गिब्सनचे नाव, असे दिसले की चहा पिऊन परत यावे. अर्थात दोन स्क्रू असले म्हणजे खरी, असे नव्हे. नक्कल करणारेही वाचतात. आणि कलकत्त्याची ‘गिव्हसन’ हे वेगळे, देशी नाव आहे. फोनवर ऐकताना ‘ब’ आणि ‘व्ह’मधला फरक हजारोंचा असतो, म्हणून फोटो मागवावा.

‘विंटेज’ शब्दाचा तर उकिरडा झालाय. फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली, आणि त्याआधीच्या गिटारला संग्राहक वेगळा भाव देतात. तिथे भाव सालाला नसून मूळपणाला असतो: मूळ रंग, मूळ पिकअप, डाग देऊन जोडलेले आणि कधी न उकललेले सांधे. अशा गिटारच्या पॉटवर शिक्का असतो. ‘१३७’ने सुरू होणारा आकडा सीटीएस कंपनीचा, पुढचे दोन साल, त्यापुढचे दोन आठवडा. पॉट मात्र डब्यात पडून राहून नंतरही बसवला जातो. त्यामुळे गिटार ‘याआधीची नाही’ एवढेच त्यावरून कळते. जपानी नकलांना सरसकट ‘लॉसूट गिटार’ (खटल्यातली गिटार) म्हणून जादा पैसे मागतात. तो दावा १९७७ सालचा, गिब्सनच्या तेव्हाच्या मालक नॉर्लिनने आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर केलेला, आणि वाद हेडस्टॉकच्या आकाराचा. बाकी डझनभर जपानी नावांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. त्यातल्या कित्येक गिटार सुंदर आहेत, पण पैसे गिटारचे द्यावेत, कोर्टाच्या गोष्टीचे नव्हे.

लिलावांच्या बातम्यांनीही डोकी फिरतात. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. त्या गिटारचे नेक, पिकअप कितीदा बदललेले होते. म्हणून आपल्या गिटारमध्ये केलेले बदलही भाव वाढवतील, असे समजणारे लोक आहेत. तिथे पैसे वाजवणाऱ्याच्या हाताला मिळाले. आपल्या बाजारात उलटे होते: २० हजारांच्या गिटारमध्ये दहा हजारांचे पिकअप बसवले तर विकताना त्याचे फार तर दोन-तीन हजार जास्त मिळतात. तेच पिकअप काढून स्वतंत्र विकले तर निम्मे पैसे सुटतात. म्हणून मूळ पिकअप, खुंट्या, नट एका पिशवीत जपून ठेवा, विकायच्या आधी परत बसवा. फक्त लाकडाला नवे भोक पाडू नका, ते परत बसवता येत नाही.

हिशेबाची रीत एका उदाहरणाने सांगतो. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, आपल्या शहरातले घालून बघा. तीच गिटार आज दुकानात ३२ हजारांना नवी मिळते. आज, म्हणजे खरोखर मिळणारा भाव. छापील किंमत नव्हे, आणि विकणाऱ्याचे तीन वर्षांपूर्वीचे बिलही नव्हे. ओळखीच्या नावाची, निर्दोष, वापरलेली गिटार साधारण ६० टक्क्यांना योग्य, म्हणजे १९,२००. यातून तारा आणि सेटअपचे (नेक, ॲक्शन जुळवण्याचे) दोन हजार, लेव्हलिंगचे तीन हजार, जॅक-पॉटचे आठशे वजा करा. उरले १३,४००. विकणारा २४ हजार मागतोय. त्याचे २४ आणि दुरुस्तीचे ५,८०० मिळून २९,८०० झाले. बावीसशे रुपये वाचवण्यासाठी वॉरंटी सोडून दिली, असा त्याचा अर्थ. रिव्हर्बसारख्या अमेरिकी संकेतस्थळावरचा डॉलरमधला भाव रुपयाने गुणून दाखवणाऱ्याला सांगावे की तो तिथल्या गिऱ्हाईकाचा भाव आहे. आणि मागितलेला भाव वेगळा, सौदा झालेला भाव वेगळा.

निवडीबद्दल थोडक्यात. यामाहा पॅसिफिका ११२, स्क्वायरची क्लासिक व्हाइब मालिका, मेक्सिकन फेंडर, जपानी बनावटीची आयबानेझ: या गिटार नीट ठेवल्या तर गिऱ्हाईक लवकर मिळते, कारण घेणाऱ्याला त्या ओळखीच्या असतात. ॲम्पसह खोक्यात येणारे बिननावाचे संच विकताना जवळपास फुकट जातात, तेव्हा ते घेताना पैसे परत येतील हा विचारच करू नये. सात तारांच्या आणि डावखुऱ्यांच्या गिटार विकायला महिनोन्महिने लागतात. डावखुऱ्या घेणाऱ्याने याचाच फायदा घेऊन घासाघीस करावी, कारण विकणाऱ्याला दुसरे गिऱ्हाईक नसते. पंधरा हजारांत बिननावाची नवी आणि चांगल्या नेकची जुनी पॅसिफिका यांतून मी डोळे मिटून जुनी घेईन. डोळे मिटायच्या आधी मात्र तो तारेचा तुकडा नेकच्या फटीतून सरकवून.

विकणाऱ्यांनीही आळस सोडावा. सहाशे-सातशेच्या नव्या तारा घाला, शिसवी फ्रेटबोर्डाला दोन थेंब लेमन ऑइल लावून पुसा, वार्निश असलेल्या मेपलला नुसते कोरडे फडके. फोटो उजेडात काढा: हेडस्टॉक पुढून-मागून, क्रमांक, पहिल्या पाच फ्रेट जवळून, नेक बाजूने, ब्रिजचे स्क्रू. दोष असेल तर त्याचा फोटो पहिला टाका. दुसऱ्या गावी कुरियरने पाठवायची तर तारा एक-दोन स्वर उतरवा, काढून टाकू नका. पेटीत हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंनी गुंडाळलेले कापड किंवा बबल रॅप घट्ट भरा. खोके पाठीवर आपटले की खुंट्यांच्या वजनाने हेडस्टॉक मागे झटका खाते आणि पेटी शाबूत राहून गिटार आत मोडते. ‘नाजूक वस्तू’ची चिठ्ठी वाचायला कुरियरवाल्याला वेळ नसतो. आणि व्यवहार ओळखीत असला तरी साध्या कागदावर क्रमांक, तारीख, रक्कम लिहून दोघांनी सह्या कराव्यात. गिटार चोरीच्या निघतात, आणि मूळ बिल नसलेल्या गिटारचा क्रमांक एवढाच काय तो पुरावा उरतो.

आपल्या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत वापरलेल्या दुचाकीचे साल आणि किलोमीटर लिहिलेले असतात. वाद्यांच्या जाहिराती घेताना आपल्या विभागाने गिटारसाठी चार गोष्टी मागाव्यात, अशी विनंती आहे: क्रमांक, सातव्या फ्रेटवरची फट, बाराव्या फ्रेटवरची ॲक्शन, आणि फ्रेट कार्डाच्या वर आहेत की खाली. एका ओळीत मावेल एवढाच मजकूर आहे.

आपला,
एक वाचक, पुणे